एकूण एक माणूस

त्या गावात स्मशानं दोन होती. वरच्या आळीच्या स्मशानावर पत्र्याची शेड होती. खालच्या वस्तीचं स्मशान उघडं होतं, त्यामुळे पावसाळ्यात तिथली मयतं अर्धीच जळायची. वस्तीतली पोरं शेड मागायला ग्रामसभेत गेली, तेव्हा सरपंच दत्ताजीराव हसले.

"चार पोरं म्हणजे वस्ती नव्हे. गावाच्या कामात यायला नको, नुसतं मागायला पुढं. वस्तीतलं एकूण एक माणूस सभेला आणा, लगेच ठराव घेतो."

पुढची सभा भर पावसात भरली. अख्खी वस्ती आली, बाळंतिणीसुद्धा आल्या. सगळ्यांच्या मागून कॉलेजात शिकणारी सुकेशनी आणि तीन पोरं खांद्यावर तिरडी घेऊन आली. ती त्यांनी सरपंचांच्या टेबलासमोर ठेवली.

सरपंच ताडकन उठले. "सभेत मढं आणतात का?"

"ठकूआजी पहाटे गेल्या," सुकेशनी म्हणाली. "त्या तेवढ्या घरी राहिल्या असत्या, तर तुम्ही म्हणाला असता, एक माणूस कमी आहे."

सरपंचांनी ठराव मांडला. शेड मंजूर झाली.

ठकूआजींना मात्र त्या संध्याकाळी पोरांनी चितेवर पत्रे धरूनच जाळलं.