यंत्रापाशी कोण बसलंय?

नदीकाठच्या एका गावात अनसूया नावाची गायिका राहायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. तिचे गुरू जमालखाँ आता फार थकले होते. दुसऱ्या कुणालाच न येणाऱ्या कितीतरी बंदिशी त्यांना येत होत्या. सगळ्या शिकून घ्यायला वेळ उरला नव्हता. निदान त्यांचं ध्वनिमुद्रण तरी व्हावं, असं अनसूयेला वाटे.

तालुक्याच्या गावी श्रीपादचा स्टुडिओ होता. माणूस भला. अनसूयेनं मनातलं सांगताच तो लॅपटॉप आणि माइक घेऊन तिच्याबरोबर जमालखाँकडे निघाला. खाँसाहेबांनी त्याला प्रेमानं चहा पाजला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, पण ते गायले नाहीत. शिष्याखेरीज कुणासमोर त्या बंदिशी गायच्या नाहीत, असा त्यांचा नेमच होता.

परत येताना अनसूया म्हणाली, की हे यंत्र मलाच शिकवा. श्रीपादला ते पटेना.

"अनसूयाताई, हे डोळ्यांनी बघून करायचं काम आहे. ते माझ्यावर सोडा."

"तुम्ही होतात म्हणूनच ते गायले नाहीत," ती शांतपणे म्हणाली.

श्रीपादला ते लागलं. मग न दिसणारी माणसं लॅपटॉप कसा वापरतात, याची त्यानं चौकशी केली. पडद्यावरचं सगळं बोलून सांगणारी एक सोय त्याला मिळाली. ती त्यानं लॅपटॉपमध्ये घातली आणि माउसला हात न लावता काम कसं करायचं, ते आधी स्वतः शिकला. रेकॉर्डच्या बटणावर मेणाचा ठिपका लावला. मग अनसूयेला शिकवायला बसला.

शिकणं सावकाश चाललं. एकदा तिच्या हातून सरावासाठी घेतलेलं अख्खं गाणंच पुसलं गेलं. श्रीपादचा हात चटकन पुढे गेला. पण त्यानं तो मागे घेतला आणि पुसलेलं परत कसं आणायचं, ते तिला तोंडी सांगितलं. तिनं ते परत आणलं.

पुढे एके सकाळी ती एकटीच खाँसाहेबांकडे गेली. संध्याकाळी येऊन तिनं लॅपटॉप श्रीपादपुढे ठेवला. त्यानं हेडफोन कानाला लावले. आधी खाँसाहेबांचा खोल गेलेला आवाज आला, "यंत्रापाशी कोण बसलंय?"

"मीच बसलेय, खाँसाहेब."

"मग दार लोटून घे."

आणि ते गाऊ लागले.

तात्पर्य: दुसऱ्याचं काम आपण उरकून देणं सोपं असतं, पण ते त्याला स्वतःच्या हातानं करता यावं अशी सोय करून देणं, हीच खरी मदत.