पिण्याच्या पाण्याने धुतलेली वाळू

‘माझ्या भावाने हाक मारली होती का?’

पूर्वी मरुभूमीच्या काठी सुवीर नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने हा प्रश्न दोन माणसांना विचारला होता. दोघांनीही खाली पाहिले. एक जण पायाच्या अंगठ्याने माती उकरीत राहिला. उत्तर कोणी दिले नाही. तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

त्या जन्मी बोधिसत्त्व झारेकऱ्यांच्या घरी जन्मला होता. वाळूतून सोन्याचे कण वेगळे करणे हे त्या घरचे काम. त्याला अक्षर येत नव्हते आणि राग आवरत नव्हता. आईबाप लवकर गेले, म्हणून मोठ्या भावाने, उत्तियाने, त्याला वाढवले. उत्तिय त्याला धाकट्या म्हणे, म्हणून सारे गावही धाकट्याच म्हणे.

एका उन्हाळ्यात कुंडल नावाचा तेली आणि त्याच्या बायकोचा भाऊ रोहक हे उत्तियाला वाटाड्या म्हणून घेऊन वाळवंटातल्या कोरड्या ओढ्यात सोने शोधायला गेले. ओढ्याच्या उंच दरडीखाली खोदू नये, हे उत्तिय लहान मुलांनाही सांगत असे. तरी तेथे खड्डा पडला, आणि दरड कोसळली. दोघे परत आले. उत्तिय आला नाही. बोधिसत्त्व धावत तेथे गेला आणि हातांनी वाळू उपसू लागला. जितकी उपसावी तितकी वरून येई. शेवटी गावकऱ्यांनी त्याला उचलून घरी आणले. तेव्हाच त्याने त्या दोघांना तो प्रश्न विचारला होता.

पुढच्या उन्हाळ्यात तेच दोघे पुन्हा दारात उभे राहिले.

‘धाकट्या, रागावू नकोस,’ कुंडल म्हणाला. ‘घाण्याचा बैल मेला. सोनं मिळालं तरच दुसरा येईल. आणि तिथली वाट तुझ्याइतकी कोणाला ठाऊक नाही.’

‘बैल मेल्यापासून भावोजी घाण्याला मलाच जुंपतात,’ रोहक म्हणाला. कोणी हसले नाही.

‘चला,’ बोधिसत्त्व म्हणाला.

तो बोधिसत्त्व असला म्हणून काय झाले, त्याच्या मनात त्या वेळी आले ते वाईटच होते. यांना आत न्यायचे आणि मग काही करायचे नाही, असे त्याने ठरवले. हात उगारायचा नाही. फक्त तोंड उघडायचे नाही.

पहाटे विहिरीवर पखाली भरून ते निघाले. उन्हे चढली तेव्हा ओढ्यात पोचले. रोहकाने पहिल्याच मुठीत काहीतरी चकाकताना पाहिले आणि तो ओरडला, ‘सोनं! भावोजी, सोनं!’

कुंडलाने नखाने दाबले. पातळ पापुद्रा सुटला. ‘अभ्रक आहे, गाढवा. याचा बैल येत नाही.’

मग त्यांनी लाकडी परातीत वाळू घेतली, आणि रोहकाने पखालीचे तोंड सोडून तिच्यात पाणी ओतले. नदीकाठचे झारेकरी वाळू पाण्याने धुतात हे त्याने पाहिले होते, म्हणून येथेही तसेच करायचे असे त्याला वाटले. कोरड्या ओढ्यात आलेला नवखा माणूस ही चूक करतोच. उत्तिय असता तर त्याने त्याचा हात धरला असता. बोधिसत्त्व धोंड्यावर बसून राहिला.

एक परात झाली, दुसरी झाली. परातीच्या तळाशी एक पिवळा कण दिसला तेव्हा ते दोघे एकमेकांना धरून नाचले. गढूळ पाणी वाळूत गेले. दुपार होईपर्यंत एक पखाल संपली, आणि दुसरीच्या तळाशी घोटभर उरले.

‘तुम्ही प्या, भावोजी,’ रोहक म्हणाला. त्याचे ओठ फुटले होते.

‘तू पी. तुला काही झालं तर तुझी बहीण मला घरात घेईल का?’

‘आणि तुम्हाला काही झालं तर ती मला केरसुणीने झोडपील.’

‘मग दोघांनीही नको.’

त्यांनी पखाल मध्ये ठेवली. कोणीच तिला हात लावला नाही.

बोधिसत्त्वाने मान फिरवली. ही माणसे पाणी पिऊन पळून जाणारी आहेत, असे तो वर्षभर स्वतःला सांगत आला होता. उत्तियही नुसते ओठ ओले करून ‘प्यालो मी’ म्हणत असे.

‘असं भांडण्यापेक्षा वाळूलाच पाजू,’ रोहक म्हणाला. त्याने पखाल उचलून परातीवर धरली.

बोधिसत्त्वाने झेप घेऊन त्याचे मनगट पकडले. ‘वेड्यांनो, विहीर किती मागे राहिली! परत काय पिऊन जाणार?’

‘मग सकाळपासून तुझी दातखीळ बसली होती का?’ कुंडल खेकसला.

‘हो. तुम्ही मरावं म्हणून गप्प होतो.’

मग बोधिसत्त्वाने खांद्यावरची आपली पखाल काढून कुंडलाच्या हातात दिली. ‘घोट घोट घ्या. दोघांनी. परतायला पुरवायचं आहे.’

‘आणि तू?’

‘मी झारेकरी आहे. मला सवय आहे.’ हे खोटे होते.

ऊन कलेपर्यंत निघण्यात अर्थ नव्हता. वारा सुटला तसा त्याने त्यांना शिकवायला घेतले. ‘ओढा वळतो तिथे आतल्या अंगाला बघा. मोठ्या धोंड्याच्या पाठीमागे बघा. पूर येतो तेव्हा पाण्याचा जोर तिथे मोडतो, आणि सोनं जड, ते तिथेच बसतं. वाळू आधी चाळा. मग घोंगडीवर घेऊन वाऱ्यात उडवा, बाया धान्य उफणतात तशी. हलकं ते उडून जाईल. खाली काळी वाळू राहील, सोनं तिच्यातच असतं. तेवढी मूठभर बांधून न्या आणि विहिरीवर धुवा. इथलं पाणी फक्त पिण्याचं.’

दोघे मुकाट्याने तसे करू लागले. थोड्या वेळाने रोहकाने ओढ्याच्या वळणाकडे बोट केले. ‘त्या दरडीखाली मागच्या वेळी पुष्कळ—’

‘तिथे माझा भाऊ आहे.’

रोहकाने बोट खाली घेतले. त्याचे तोंड काहीतरी सांगण्यासाठी उघडले, पण रडूच बाहेर आले. बोधिसत्त्वाला त्याचा गळा धरावासा वाटला. त्याने चाळणी उचलून त्याच्या हातात दिली.

संध्याकाळी ते निघाले, आणि अंधारात थांबत थांबत चालून उजाडल्यावर विहिरीशी पोचले. शेवटी रोहकाला बोधिसत्त्वाने पाठीवर घेतले होते. त्याने पाणी ओढले, पण घडा त्यांच्या हाती दिला नाही. तहानेल्या माणसाने घटाघटा पिऊ नये, म्हणून तो त्यांच्या ओंजळीत थोडे थोडे ओतत राहिला, आणि दोघांच्या शिव्या खात राहिला. मग तो स्वतः प्याला. काळी वाळू त्यानेच धुतली. जे सोने निघाले त्यात बैल आला नसता, गोऱ्हा आला असता. त्याने स्वतःसाठी कणही ठेवला नाही.

ही कथा सांगून शास्त्यांनी भिक्षूंना पूर्वजन्मीची ओळख करून दिली. तेव्हाचा कुंडल म्हणजे विहारात दिव्यांना तेल घालणारा आजचा भिक्षू. रोहक म्हणजे त्याच्याशी रोज हुज्जत घालणारा त्याचा सोबती. धाकट्या म्हणजे मीच, असे ते म्हणाले. मोठा भाऊ आज कोण आहे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. कोणाला विचारवलेही नाही.

मग शास्ते म्हणाले, ‘राग निवल्यावर दया करणे सोपे असते. राग मनात जळत असतानाही जो हात पुढे करतो, त्याच्या त्या गुणाला क्षांती म्हणतात.’

‘मग त्याने त्यांना तेथेच सोडले का, भंते?’ एका लहान श्रामणेराने, नवशिक्या भिक्षूने, विचारले.

शास्त्यांनी सांगितले की पाणी पिऊन ते दोघे विहिरीच्या काठावरच झोपी गेले. तेथे झाड नव्हते, आणि उन्हे वर आली होती. धाकट्या आपली सावली त्यांच्या तोंडावर पडेल असा उभा राहिला, आणि ते जागे होईपर्यंत सूर्य सरकेल तसा तोही सरकत राहिला.