तह कुणाच्या भाषेत?

नदीच्या पाण्यावरून लढून थकलेले दोन राजे तहाला बसले, पण तो कुणाच्या भाषेत लिहायचा इथे घोडं अडलं.

"दहा देशांचे राजे माझ्याच भाषेत बोलणी करतात!" रणधवल गरजला.

"माझ्या भाषेत वीस देशांचे!" इंद्रसेन उखडला. हात पुन्हा तलवारींवर गेले.

दोघांच्या वडिलांचीही भांडणं निस्तरलेली म्हातारी दुभाषी म्हाळसाबाई हसली. "कुणाच्याही लिहा, राजे. फक्त ज्याची भाषा, त्याला उद्या 'मला अर्थच कळला नव्हता' म्हणता यायचं नाही."

रणधवल खाकरला. "तशी इंद्रसेनांची भाषा फार गोड आहे हो."

"छे, तुमच्या भाषेची सर कुणाला!"

म्हाळसाबाईनं दौत पुढे ओढली. "मग दोन्ही भाषांत लिहिते, बाळांनो. दोघांनाही नीट कळेल."