नवव्या घराचा कोळसा

एकदा एक कुंभार एका वृद्ध चित्रकाराच्या दारी येऊन उभा राहिला. नाव हैबती, वय चाळिशीच्या आतबाहेर. म्हणाला, "बाबा, मला चित्र शिकवा. चित्राने मन शांत होतं म्हणतात."

हे वाक्य हल्ली आपल्याकडेही फार ऐकू येतं. सुट्टीच्या दिवशी रंगपेटी घेऊन बसावं, दोन फुलं काढावीत, मन हलकं झालं असं शेजाऱ्याला सांगावं. खुशाल बसावं, माझी काही तक्रार नाही. पण हैबतीचं मन कशाने जड झालं होतं ते आधी ऐका.

त्याच्या वस्तीत मडकी भाजायचा आवा सगळ्यांचा मिळून एकच होता. तो पेटवण्याआधी एक रीत पाळायची असे. चिमूटभर राख हातातून सोडायची आणि ती कुठे उडते ते पाहायचं. घरांच्या दिशेने गेली, तर कितीही घाई असो, आवा पेटवायचा नाही. चैत्रातल्या एका दुपारी वस्तीतली धडधाकट माणसं माती आणायला तळ्यावर गेली होती. आवा पेटवायची पाळी हैबतीची होती. त्याने तो पेटवला आणि ठिणग्या गवती छपरांवर पडल्या. नऊ घरं जळाली, चार जीव गेले. एक हैबतीची आई. एक शेजारचे आंधळे आजोबा. आणि वस्तीतल्याच बयजाआत्याची बाळंतीण सून, तिच्या पंधरा दिवसांच्या लेकरासकट. बाळंतिणीच्या खोलीला एकच दार होतं आणि ते छपराखाली दबलं.

माणसं तळ्यावरून धावत आली तेव्हा हैबती एवढंच म्हणाला, "वारा फिरला."

त्याची स्वतःची आई गेली होती. अशा माणसाला पुढे कोण काय विचारणार? कुणी विचारलं नाही. लोकांनी टेकाडापलीकडे नवी खोपटी बांधली, जळकी गल्ली तशीच पडून राहिली, आणि आवा पुन्हा कुणी पेटवला नाही. माणसं एकमेकांशी कामापुरतं बोलत, तेही कमीच. बयजाआत्याचा मुलगा गाव सोडून गेला. हैबतीने मातीला हात लावणंच सोडलं, आणि झोप तर उडालीच होती.

चित्रकाराने आगीची हकीकत ऐकली आणि त्याला ठेवून घेतलं. सहा महिने त्याने पोपट काढले, कमळं काढली, आंब्याची झाडं काढली. कुंभाराचाच हात तो, वळण सुरेख होतं. तो म्हणायचा, "बाबा, अजून शांत वाटत नाही." म्हातारा म्हणायचा, "अजून पोपट काढ."

एके सकाळी मात्र म्हाताऱ्याने विचित्रच केलं. काजळीच्या काळ्या रंगाची वाटी उचलली आणि अंगणात ओतून दिली.

"काळा रंग संपला," तो म्हणाला. "जा, तुमच्या जळक्या गल्लीतून घेऊन ये. नऊ घरांचा मूठ मूठ कोळसा. पण ज्याचं घर त्याच्या हातून घ्यायचा. तू चोरून आणलास तर मला कळणार नाही, तरी आणू नकोस."

हैबती गयावया करू लागला. "बाबा, काळा तर तव्याच्या बुडाचाही चालेल."

"पोपटाला चालेल," म्हातारा म्हणाला आणि आत गेला.

हैबती गेला. नव्या खोपटांच्या दारांत उभं राहून कोळसा मागणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. एकाने त्याला जळक्या घरापाशी नेलं आणि जाताजाता गाय कुठे बांधलेली असायची ते सांगितलं. एकीने कोळसा त्याच्या अंगावर फेकला. त्याने तो वेचून घेतला. एक जण नुसताच तुळईपाशी बसून राहिला, तेव्हा हैबतीही बसला. अशा सात घरांचा कोळसा मिळाला, आठवा त्याच्या स्वतःच्या घरचा. बयजाआत्या मात्र दारातूनच म्हणाली, "माझ्या घरचं काही मागू नकोस." आणि तिने दार लावून घेतलं.

गल्लीत मडकी वाळवायच्या पडवीची एक भिंत तेवढी उभी होती. म्हाताऱ्याने तिला चुना लावून घेतला आणि सांगितलं, "आग लागायच्या आधीची वस्ती काढ. ज्याचं घर त्याच्याच कोळशाने."

हैबतीने आठ करवंट्यांमध्ये आठ कोळसे वेगवेगळे घोटले, डिंक घातला आणि कामाला लागला. दुसऱ्या दिवशी गायवाला येऊन मागे उभा राहिला. "माझं दार उजवीकडे होतं," तो म्हणाला. हैबतीने पुसून पुन्हा काढलं. मग एक बाई आली, म्हणाली, आजोबांची खाट बाहेर असायची, आत नाही. मग आणखी दोघं आले. कुणाची शेळी कुणाच्या छपरावर चढायची यावरून वाद झाला, त्यात एक जण हसला आणि हसता हसताच रडायला लागला. आग लागल्यापासून ही माणसं इतका वेळ एकत्र बसली नव्हती. आठवडाभर हे चाललं.

शेवटी त्याने आवा काढला आणि आव्यातून निघणारा धूर. अगदी सरळ वर गेलेला. नवव्या घराची जागा मोकळीच होती.

त्या दिवशी बयजाआत्या पाण्याची घागर घेऊन तिकडून चालली होती. थांबली. भिंतीकडे पाहून म्हणाली, "मी माती आणायला निघाले तेव्हा लेकराची दुपटी दोरीवर टाकली होती. आव्यापासून ती दिसायची. तू पेटवलंस तेव्हा ती कुठल्या बाजूला उडत होती?"

हैबती करवंटीतला कोळसा घोटत राहिला. ती निघून गेली, मागोमाग बाकीचेही उठले.

म्हातारा एका दगडावर बसून होता. हैबती त्याच्यापाशी आला. "बाबा, धूर पुसू का?"

"मला काय विचारतोस? मी तिथे नव्हतो."

हैबती मातीतच बसला. मग बोलला. राख त्याने सोडली होती. ती सरळ घरांकडे गेली होती. परवा जत्रेचा बाजार होता, मडकी पोचायला हवी होती, आणि एका दिवसाने काय होतंय असं त्याला वाटलं होतं. "वारा फिरला नव्हता," तो म्हणाला. "तो आधीपासूनच तिकडे वाहत होता."

म्हातारा म्हणाला, "अरे, तू विसरायला आलास. म्हणून मी तुला पोपट दिले, आणि पोपटांनी काही झालं नाही हे तू पाहिलंस. ही माणसं का अडकली आहेत ते सांगू? आपलं माणूस कसं गेलं हे कळल्याशिवाय रडणं पुरं होत नाही. दुःख त्या सगळ्यांपाशी आहे, पण ते कसं घडलं हे तुझ्या एकट्यापाशी आहे, आणि तू ते दाबून बसलास. कोळसा मागायला पाठवलं ते त्यांची तोंडं तू पाहावीस म्हणून. आता पुढचं तुझं तू ठरव. शांती मिळेल असं मी म्हणत नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर हैबतीने धूर खरवडून काढला आणि घरांकडे वाकलेला धूर काढला. मग आव्याशेजारी स्वतःला काढलं, आपल्याच घरच्या कोळशाने. एका हातात पलिता. दुसरा हात उघडा, आणि त्यातून उडालेली राख घरांकडे जाताना.

लोक आले, त्यांनी पाहिलं. वस्तीतल्या कुणालाही ती राख समजावून सांगावी लागली नाही. गायवाला थुंकला आणि निघून गेला. तो पुढे जन्मभर हैबतीशी बोलला नाही, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. बाकीची माणसं उभी राहिली, आणि तिथेच, त्या भिंतीसमोर, मोठ्याने रडली.

सगळे गेल्यावर बयजाआत्या आली. पदरात कोळसा होता.

"माफ केलं असं समजू नकोस," ती म्हणाली. "घर काढ. आधी दुपटी काढ."

"किती होती, आत्या?"

"पाच." आणि ती भिंतीशी बसली, कुठलं दुपटं कुठे होतं ते सांगायला.

पुढचा पावसाळा सरल्यावर वस्तीने आवा पुन्हा लावायचं ठरवलं. पलिता हैबतीच्या हाती कुणी दिला नाही, त्यानेही मागितला नाही. पण राख कुणी सोडायची यावर सगळे घुटमळले, तेव्हा बयजाआत्याच बोलली.

"राख यालाच सोडू द्या. वारा कुठे जातो ते हा आता खोटं सांगणार नाही."

हैबतीने चिमूट सोडली. राख घरांकडे गेली. त्याने तसं सांगितलं, आणि सगळे आव्याशी बसून वारा पडायची वाट पाहू लागले.