तळातला थेंब

विमानं माणसांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. नवी वैमानिक शर्वरी रोज उड्डाणाआधी टाकीच्या तळाची तोटी उघडून थोडं इंधन काचेच्या पेल्यात काढून बघायची. तिच्या छोट्या विमानाला याचा भारी राग यायचा.

“ताई, कालच तर आपण डोंगर ओलांडून आलो! माझ्यावर एवढा अविश्वास?”

“अविश्वास नाही रे,” म्हणत तिनं पेला उन्हात धरला. इंधनाच्या तळाशी पाण्याचा टपोरा थेंब बसला होता. हे पाणी आत गेलं असतं, तर इंजिन भर आकाशात बंद पडलं असतं.

विमान चपापलं. “अरे, काल तर सगळं ठीक होतं!”

“होतंच,” थेंब शांतपणे म्हणाला. “मी आज पहाटेच्या गारठ्यात टाकीत दवासारखा जमलो.”