भिंतीवरची खाडी

नव्या नवरीने, हेमांगीने, घरासाठी फ्रेम केलेलं चित्र आणलं. नुसते निळे-करडे पट्टे! सासरे निवृत्त मामलेदार, घरातही कचेरीच चालवत. ते गरजले, "सूनबाई, या फराट्यांत काय आहे ते बोट ठेवून दाखव. नाहीतर चित्र दुकानात परत!"

"माहेरची खाडी आहे, अप्पा. ओहोटीची."

"मग आम्हाला कशी दिसत नाही?"

समोरच्या भिंतीवर धरणात बुडालेल्या अप्पांच्या गावाचा फोटो होता, उन्हाने पार पांढरा पडलेला. अप्पा रोज सकाळी त्याला हात जोडत.

"त्या फोटोत मलाही काही दिसत नाही, अप्पा. तुम्हाला दिसतं ना?"

अप्पांनी चित्र उचलून भिंतीवर फोटोशेजारी धरलं. मग म्हणाले, "हातोडी आण. आणि तुमचं घर कुठल्या काठाला, तेवढं बोट ठेवून दाखव."