नऊ विती की सहा?

गावच्या शाळेत पालकसभेला विस्तार अधिकारी फडतरेसाहेब आले, तेच मुळी तापलेले. दुसरीतल्या कुंदाला त्यांनी फर्मावलं, "हे टेबल वितीनं मोज."

कुंदानं मोजलं. "नऊ विती."

साहेबांनी आपला रुंद पंजा पसरून मोजलं, तर सहाच भरल्या.

"सहाच्या जागी नऊ! मुलगी कच्ची आहे, असा शेरा लिहितो. घरी कोणी अभ्यास घेत नाही वाटतं?"

टोपल्या विणणारी सुगंधा, कुंदाची आई, उभी राहिली. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती, पण लेकीवरचा शेरा तिला झोंबला. "साहेब, बांबूच्या कामट्या मोजताना आम्हा मायलेकींचाही रोज असाच फरक पडतो. मी रागावत नाही. एवढंच विचारते, असं का झालं असेल गं?"

"मग काय सांगते ती?"

कुंदानं आपला चिमुकला पंजा साहेबांच्या पंज्याला लावला. "माझी वीत लहान, तुमची मोठी. दोघांचंही बरोबर."

साहेबांचं पेन थबकलं. "मग टेबलाची खरी लांबी कळायची कशी?"

"मीही बाईंना हेच विचारलं," कुंदा म्हणाली. "उद्या बाई पट्टीनं मोजायला शिकवणार आहेत. तुम्हीपण या."